कचऱ्याची वाट (भाग ५) : घर पाडताना, डबा भरताना

बेळगावातल्या शहापूरच्या गल्ल्यांतली जुनी घरे पाडून सिमेंटची घरे उभी राहू लागली, त्याला आता बराच काळ झाला. जुने घर उतरवण्याची एक रीत असते. आधी मंगळुरी कौले खाली येतात, मग रीपा, वासे, तुळया. सागवानी चौकटी आणि दारे यांचा सौदा बहुतेक वेळा पहिला घाव पडण्याआधीच ठरतो. पायाचा घडीव दगड नव्या पायात जातो आणि लोखंड भंगारवाला वजन करून नेतो. इथल्या विणकरांच्या मागांवरचा तुटक्या सुताचा गुंतासुद्धा यंत्रे पुसायला विकला जातो. म्हणजे वेगळे करण्याची सवय आपल्याला आहे, तीही कोणी फलक लावून शिकवण्याच्या आधीपासूनची. मग अडते कुठे? गिलाव्याची ढेकळे, फुटक्या फरशा, तडकलेला कमोड, पीओपीचे तुकडे, रंगाचे वाळलेले डबे, वायरींच्या नळ्या यांच्यापाशी अडते. त्यांना गिऱ्हाईक नाही. जे विकले जाते ते आपोआप वेगळे होते आणि जे विकले जात नाही ते मिसळून जाते. घरातल्या डब्यातही हेच घडते. रद्दी आणि बाटल्या बाजूला राहतात, पण भाजीची देठे, डायपर आणि संपलेली औषधे एकाच पिशवीत कोंबली जातात. कचऱ्याच्या वर्गीकरणाकडे स्वच्छतेची शिकवण म्हणून पाहण्यापेक्षा बिनकिमती वस्तूंच्या व्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले, तर उपाय कुठे करायचा ते दिसू लागते.

मिसळण्याचे नुकसान एकदाच होते आणि ते भरून निघत नाही. मागच्या भागात आपण ओल्या कचऱ्याचे खत पाहिले. त्या खतात काचेचा चुरा आणि गिलाव्याची रेती गेली, तर ते शेतकरी घेणार नाही; पुढे चाळण्या कितीही लावल्या तरी बारीक काच निघत नाही. उलट बाजूनेही तसेच. विटांच्या तुकड्यांत खरकटे आणि प्लॅस्टिक मिसळले की ते तुकडे खडी करण्याच्या कामाचे राहत नाहीत. पीओपी म्हणजे जिप्सम. ते कुजत्या ओल्या कचऱ्याखाली हवेविना दबून राहिले, तर त्यातून सडक्या अंड्यांसारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. शहराचा कचरा जिथे जातो त्या तुरमुरीच्या डेपोच्या आसपासची गावे दुर्गंधीची तक्रार करत आली आहेत. शहराने आपला डबा कसा भरला याचा हिशेब तिथे चुकता होतो.

'राडारोड्याने काय बिघडते? खड्डा भरायला तर तो चांगलाच,' असे अनेकजण म्हणतात. स्वच्छ विटा-दगडांपुरते ते खरे आहे. पण रात्री ट्रॅक्टरने जो ढीग नाल्याच्या काठी पडतो, तो स्वच्छ नसतो आणि तिथे भरण्यासारखा खड्डाही नसतो. बळ्ळारी नाला शहापूर-वडगावच्या शिवारातून वाहतो आणि पावसाळ्यात त्याचे पाणी भातशेतीत घुसते. या पुराचा सगळा दोष राडारोड्यावर टाकणे बरोबर होणार नाही. साचलेला गाळ आणि पात्रातली अतिक्रमणे ही मोठी कारणे आहेत. तरीही आधीच तुंबणाऱ्या नाल्याच्या काठी टाकलेली प्रत्येक ट्रॉली पाण्याची वाट अडवते आणि त्याची किंमत ज्याने घर बांधले तो मोजत नाही, भाताचे पीक बुडालेला शेतकरी मोजतो.

नियम आहेत. बांधकामाच्या कचऱ्यासाठी केंद्राने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन कचरा काढणाऱ्याने काँक्रीट, माती, विटा-गिलावा आणि लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक वेगवेगळे ठेवावे, असे त्यांत होते. २०२५ च्या नियमांचा भर २० हजार चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामांवर आहे. गल्लीतल्या दुमजली घराला हे आकडे लागूच पडत नाहीत. पण शहराचा राडारोडा अशाच शेकडो लहान घरांतून निघतो, म्हणून इथे कायद्याच्या धाकापेक्षा जवळची जागा उपयोगी पडेल. प्रत्येक भागात एक ठरलेले आवार, ट्रॉलीमागे ठरलेला दर आणि बांधकाम परवान्याबरोबरच भरून घेतलेले शुल्क, एवढे केले तर ठेकेदाराला नाल्यापेक्षा आवार सोयीचे वाटेल. गिऱ्हाईकही घरातच आहे. भारतीय मानक ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने पुनर्वापराच्या खडीला मान्यता दिली आहे: साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि कमी ताकदीच्या भरावाच्या काँक्रीटमध्ये पूर्ण. फुटपाथ, गटारीखालचा थर, पेव्हर ब्लॉक ही कामे महापालिकाच काढते. तिने निविदेत ही खडी लिहिली की आज ज्याला कोणी विचारत नाही त्याला भाव येईल.

दुसरा आक्षेप जास्त कडू आहे: 'आम्ही वेगळे देतो आणि गाडीत सगळे एकत्रच करतात.' जिथे हे होते तिथे राग योग्यच आहे. पण एकत्र पिशवी देणाऱ्याला तक्रारीचा आधारच उरत नाही. वेगळे देणाऱ्या गल्लीला नगरसेवकाला आणि ठेकेदाराला गाडीपाशी उभे करून जाब विचारता येतो. २०२६ च्या नव्या घनकचरा नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग सांगितले आहेत. गाडीत चार कप्पे मागण्याचा हक्क त्यातूनच येतो.

राहता राहिला शहराच्या आकाराचा मुद्दा. बेळगावहून तुरमुरीकडे जाणारा रस्ता पुढे वेंगुर्ल्याला पोचतो. त्या गावाने गेल्या दशकात घरातूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा बायोगॅस केला, प्लॅस्टिकचा चुरा रस्त्याच्या डांबरात घातला आणि डेपोची जागा लोकांनी पाहायला यावे अशी केली. 'ते लहान गाव, इथे कसे जमणार,' असे म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत वेंगुर्ल्याची वस्ती १२ हजारांच्या आसपास होती, बेळगाव शहराची ४ लाख ८८ हजार. पण बेळगावात ५८ प्रभाग आहेत. भागून पाहिले तर एका प्रभागाला साडेआठ हजारांहून कमी माणसे येतात, म्हणजे वेंगुर्ल्याहूनही कमी. शहर मोठे असले तरी कचरा प्रभागातूनच उचलला जातो आणि तेवढ्या आकारात हे काम जमते, हे शेजारच्याच गावाने दाखवून दिले आहे.

तेव्हा यंदा कोणी घर पाडायला काढणार असेल, तर ठेकेदाराशी मजुरीचा दर ठरवतानाच राडारोडा कुठे टाकणार तेही कागदावर लिहून घ्यावे. पीओपी, रंगाचे डबे आणि वायरी पहिल्याच दिवशी वेगळ्या पोत्यांत भरायला सांगाव्यात. आणि शहापूर, वडगाव, खासबागच्या मंडळांनी आपल्या नगरसेवकाकडे राडारोड्याच्या आवारासाठी जागा मागावी, तीही पाऊस सुरू होण्याआधी.