औषधांची पेटी आणि वस्तूंची पेटी

सन २०२१ च्या जुलै महिन्यांत सावित्री व गांधारी या नद्यांच्या पुरानें महाड शहर जलमय झालें. त्याच सुमारास महाड तालुक्यांतील तळिये आणि पोलादपूर तालुक्यांतील केवनाळे येथें दरडी कोसळल्या. अशा प्रसंगीं बाहेरून मदत येते ती पेट्यांतून: एकींत औषधें, दुसरींत कपडे, तिसरींत धान्य. या पेट्यांची नोंद संगणकावर ठेवावयाची झाल्यास एक साधा दिसणारा प्रश्न उभा राहतो. औषध ही एक वस्तु आहे, हें निर्विवाद. पण म्हणून औषधांची पेटी ही वस्तूंची पेटी मानावी काय?

सकृद्दर्शनीं उत्तर ‘होय’ असें येतें. घटकांमधील नातें त्यांच्या संग्रहांसहि लागू करण्याच्या या कल्पनेला संगणकशास्त्रांत ‘कोव्हेरिअन्स’ म्हणतात. पेटींतील जिन्नस केवळ मोजावयाचे असतील, तर ती निर्दोष आहे; कारण जें जें बाहेर निघेल, तें वस्तूंतच मोडेल. अनर्थ घडतो तो पेटींत भर घालतांना. ‘वस्तूंची पेटी’ म्हणून जी आपल्या हातीं आली, तींत एखादा मनुष्य निःशंकपणें रॉकेलची बाटलीहि ठेवील. दवाखान्यांत मात्र ती औषधांची म्हणूनच उघडली जाईल!

१९९६ सालीं पहिल्यानें प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेनें ‘अ‍ॅरे’ नांवाच्या संग्रहांस ही मोकळीक दिली. त्यामुळें अशी चूक कंपायलरच्या पूर्वतपासणींतून निसटते, आणि काम चालूं असतां, भलता जिन्नस ठेवण्याच्या क्षणीं, आज्ञावली अडते. २००४ सालीं त्याच भाषेंत ‘जेनेरिक’ संग्रह आले, तेव्हां नियम कडक झाला. वस्तूंच्या यादीच्या जागीं औषधांची यादी दिल्यास कंपायलर आरंभींच हरकत घेतो.

परंतु केवळ मोजणाऱ्यासहि मज्जाव करणें गैरसोयीचें. म्हणून दोन सवलती ठेवल्या आहेत. ‘एक्स्टेंड्स’ या शब्दानें मोजणाऱ्यास कोणत्याहि प्रकारच्या वस्तूंची पेटी मिळते, पण तींत नवें कांहीं घालतां येत नाहीं. ‘सुपर’ या शब्दानें औषध ठेवणाऱ्यास औषधांची पेटी चालते, तशीच सर्वसाधारण वस्तूंचीहि चालते. कारण औषध दोहोंतहि शोभतें. २०१० सालीं सी-शार्प भाषेनें हाच भेद ‘आउट’ व ‘इन’ या शब्दांनीं दर्शविला.

तात्पर्य, पेटी घेण्यासाठीं दिली कीं ठेवण्यासाठीं, हें आधीं सांगावें लागतें. तेवढें सांगितलें, म्हणजे रॉकेलची बाटली दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोंचतच नाहीं.