औषधाच्या चिठ्ठीतला पहिला आकडा

औषधाच्या चिठ्ठीवरची ओळ साधारण एकाच पद्धतीची असते. आधी नाव, मग आकडा, मग एकक. उदाहरणार्थ, 'मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ'. नाव कुठे संपले आणि मात्रा कुठे सुरू झाली, हे वाचणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते शिकवावे लागते. त्याच्या दृष्टीने ही ओळ म्हणजे एकापुढे एक मांडलेली चिन्हे. प्रोग्रामिंगमध्ये याला 'स्ट्रिंग' म्हणतात.

नाव आणि मात्रा वेगळी करण्याची सर्वांत सोपी युक्ती म्हणजे ओळीतला पहिला आकडा शोधणे. संगणक डावीकडून एकेक चिन्ह तपासतो आणि पहिला आकडा मिळताच थांबतो. त्याच्या डावीकडे नाव, उजवीकडे मात्रा. रोमन लिपीत मेटफॉर्मिनची अक्षरे ९. संगणक मोजणी शून्यापासून करतो, म्हणून ती ० ते ८ या स्थानांवर बसतात. मध्ये जागा न सोडता ५०० लिहिले, तर ५ हा आकडा ९ या स्थानी सापडतो.

'हा आकडा आहे का', हे संगणक ठरवतो कसे? प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. इंग्रजी आकड्यांचे क्रमांक ४८ ते ५७, तर आपल्या देवनागरी आकड्यांचे २४०६ ते २४१५. केवळ ४८ ते ५७ तपासणाऱ्या प्रोग्रामला देवनागरीत लिहिलेली मात्रा दिसतच नाही. अशा वेळी 'आकडा सापडला नाही' असे स्पष्ट उत्तर यायला हवे आणि ती चिठ्ठी माणसाकडे जायला हवी. अंदाजाने मात्रा भरणे धोक्याचे.

पण खरी गुंतागुंत पुढेच आहे. पहिला आकडा म्हणजे मात्रा, हे गृहीतकच अनेकदा चुकते. 'व्हिटॅमिन डी३ ६००००' या ओळीत पहिला आकडा ३, पण तो नावाचाच भाग आहे. ६०,००० एककांची ही मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतली तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. 'इन्सुलिन ३०/७०' मधले आकडे दोन प्रकारच्या इन्सुलिनचे प्रमाण सांगतात, किती एकक टोचायचे ते नव्हे.

रक्ताच्या कर्करोगावरचे मर्कॅप्टोप्युरिन हे औषध '६-मर्कॅप्टोप्युरिन' असेही लिहिले जात असे. तो ६ म्हणजे मात्रा समजून रुग्णाला सहापट औषध दिले गेल्याच्या घटना घडल्या. त्यामुळे नावाआधी ६ लिहू नये, असा इशारा दिला जातो. प्रोग्रामची अडचण इथे आणखी वेगळी. पहिला आकडा अगदी सुरुवातीला, म्हणजे ० या स्थानी सापडतो आणि अनेक प्रोग्रामिंग भाषांत ० चा अर्थ 'नाही' असाही घेतला जातो. काळजी घेतली नाही, तर सापडलेला आकडा 'सापडला नाही' ठरतो.

नजरेची चूक याच जातीची. अमेरिकेतील 'इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस' ही संस्था घातक ठरू शकणाऱ्या लेखनपद्धतींची यादी प्रसिद्ध करते. त्या यादीच्या आधीच्या आवृत्तीतले एक उदाहरण 'इंडेरल४०'चे. नाव आणि आकडा चिकटून लिहिले की रोमन लिपीतला शेवटचा 'एल' हा १ सारखा दिसतो आणि ४० चे १४० होतात. १.० मधला टिंब पुसट झाला की १०, आणि शून्य न लिहिता नुसते .५ लिहिले की ५. दोन्ही वेळा मात्रा दहापट.

यावरचा उपाय औषधासारखाच नेमका आहे. नाव आणि आकडा यांत जागा सोडावी, आकड्याला एकक जोडावे, १ साठी १.० लिहू नये आणि ०.५ मधले शून्य गाळू नये. भारतीय वैद्यक परिषदेनेही २०१६ मध्ये औषधांची नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या रोमन अक्षरांत लिहिण्यास सांगितले. चांगला प्रोग्रामही पहिल्या आकड्यावर विसंबत नाही. तो औषधांच्या यादीत नाव ताडून पाहतो आणि आकड्यामागे एकक आहे का, ते तपासतो.

रुग्णानेही तेच करावे. औषध घेताना चिठ्ठी आणि पाकीट शेजारी धरून तीन गोष्टी जुळतात का पाहाव्यात: नाव, आकडा आणि त्यापुढचे एकक, विशेषतः मिलिग्रॅम की मायक्रोग्रॅम. दिवसातून किती वेळा की आठवड्यातून एकदा, हे दुकान सोडण्यापूर्वी विचारून घ्यावे. नेहमीच्या गोळीवरचा आकडा अचानक बदललेला दिसला, तर डॉक्टर किंवा औषध विक्रेत्याला विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नये.