छापील, तरीही मूळ

एखाद्या चित्रसंग्राहकाच्या निधनानंतर त्याचा संग्रह विक्रीस निघतो, तेव्हा वारसांचे लक्ष प्रथम तैलचित्रांकडे जाते. मुद्राचित्र मात्र 'छापील प्रत' म्हणून अडगळीत पडण्याचा संभव असतो. हा समज किती भ्रामक आहे, हे अमेरिकन चित्रकार रॉबर्ट मदरवेल (१९१५–१९९१) यांच्या कामावरून ध्यानात येते.

अमूर्त अभिव्यक्तिवादी पिढीतील मदरवेल यांनी १९४३ साली कोलाज, म्हणजे कागदाचे तुकडे चिकटवून केलेली रचना, हाती घेतली. 'गोलवाझ' या फ्रेंच सिगारेटचे निळे वेष्टन त्यांच्या कित्येक कोलाजांत आढळते. पुढे १९६० नंतर ते मुद्राचित्रणात रमले. दगडावर अथवा धातूच्या पत्र्यावर चित्रकाराने स्वतः रेखाटन करावे आणि कुशल मुद्रकाच्या साहाय्याने मोजकेच ठसे काढावेत, अशी ही कला आहे. असा प्रत्येक ठसा मूळ कलाकृतीच मानला जातो.

त्याची ओळख समासात असते. तेथे पेन्सिलीची सही असते व '१२/५०' असा आकडा असतो. म्हणजे पन्नास प्रतींपैकी बाराव्या क्रमांकाची. प्रती पुऱ्या झाल्या की दगड पुसण्याची वा पत्रा निकामी करण्याची प्रथा आहे. म्हणून नष्ट झालेली प्रत पुन्हा निघत नाही.

चौकटीत बसावे म्हणून समास कापला, उन्हाने रंग विटला, अथवा खरेदीची जुनी पावती रद्दीत गेली, तर मोल घटते. संग्राहकाने आयुष्यभर जपलेले चित्र वारसाच्या एका दिवसाच्या आवराआवरीत गमावू नये, एवढ्यासाठी विक्रीपूर्वी तो समास वाचून पाहणे अगत्याचे आहे.