जुनी व्हॅन रस्त्यात बंद का पडते?

पहाटे भाजीपाला भरून बाजारास निघालेली जुनी व्हॅन चढावर दम सोडते, गचके खाते व अखेर बंद पडते. लिलावाची वेळ टळते आणि माल कोमेजतो. अशा वेळी पुष्कळ शेतकरी बंधू दोष न शोधताच एकामागून एक सुटे भाग बदलतात. त्यात पैसा जातो, दोष मात्र राहतो. पिकावर रोग दिसल्यास आपण आधी पान उलटून पाहतो, मगच औषध फवारतो. गाडीच्या बाबतीतही हाच क्रम इष्ट होय.

मारुतीची ओम्नी व्हॅन १९८४ पासून २०१९ पर्यंत तयार होत होती. तिचे ७९६ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन पुढील आसनांखाली असते. जुन्या गाड्यांत कार्ब्युरेटर, तर नंतरच्या गाड्यांत इंजेक्शन पद्धत आहे. दोहोंनाही पेट्रोल, हवा आणि ठिणगी या तीन गोष्टी योग्य वेळी व योग्य प्रमाणात लागतात. यांपैकी काय कमी पडते, हे पुढील लक्षणांवरून ताडता येते.

(१) उभी असताना बंद पडणे : कार्ब्युरेटरमधील मंदगतीचे छिद्र तुंबणे, मंदगती बिघडणे किंवा हवेची रबरी नळी फाटणे. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटलवर काजळी साचणे.

(२) चढावर किंवा भार असताना हळूहळू दम सुटणे : पेट्रोलची किंवा हवेची गाळणी तुंबणे, अथवा पेट्रोल पंप अशक्त होणे. टाकीचे झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज येऊन गाडी सुरळीत चालू लागल्यास टाकीचा हवामार्ग तुंबला आहे, असे समजावे.

(३) दिवा मालवावा तशी एकाएकी बंद पडणे : बहुधा ठिणगीचा दोष. सैल तारा, कॉइल तपासून घ्यावी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणातील ओलावाही पाहावा.

(४) इंजिनाचा आवाज वाढूनही वेग न वाढणे : क्लच घसरत आहे. येथे इंजिन उकलण्याचे कारण नाही.

तपासणी स्वस्त व सोप्या भागापासून सुरू करावी. प्रथम हवेची गाळणी, नळ्या व तारा पाहाव्या. नंतर प्लग व पेट्रोलची गाळणी. पंप सर्वांत शेवटी. एका वेळी एकच दुरुस्ती करून त्याच चढावर गाडी चालवून पाहावी. दोन भाग एकदम बदलल्यास खरा दोष कोणता होता, ते कळत नाही.

काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. जवळ विडी-काडी पेटवू नये. बंद गोठ्यात इंजिन चालवू नये, कारण त्याच्या धुरात प्राणघातक वायू असतो. इंजेक्शनच्या गाडीतील पेट्रोल दाबाखाली असते, सबब तिच्या पेट्रोलच्या नळ्या स्वतः सोडू नयेत.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी शेतकऱ्यांस एक छोटी वही ठेवण्यास सांगावे. गाडी केव्हा बंद पडली, इंजिन थंड होते की तापलेले, भार किती होता व पुन्हा केव्हा सुरू झाली, एवढेच तीत लिहावे. ही वही मिस्त्रीपुढे ठेवल्यास त्याचा वेळ व आपला पैसा दोन्ही वाचतील.