हार्डडिस्कवरचे न दिसणारे तेल

माझ्याकडे मुशायऱ्यांची जुनी ध्वनिमुद्रणे आहेत. त्यातले काही शायर आज हयात नाहीत. त्यांचा आवाज उरला आहे तो एका हार्डडिस्कमध्ये. तिला आपण कधी तेलपाणी करत नाही. मग ती झिजत कशी नाही?

टेबलावरच्या संगणकातली तबकडी मिनिटाला बहुधा 7200 फेरे घेते. तिची कडा ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास धावते. आमच्या वाळूज रस्त्यावर हा वेग मध्यरात्रीही जमायचा नाही! मजकूर वाचणारे टोक, म्हणजे हेड, हवेच्या पातळ पदरावर तरंगते. आयबीएमच्या 1956 सालच्या पहिल्या हार्डडिस्कमध्ये हे अंतर सुमारे 20 मायक्रॉन होते. आता ते काही नॅनोमीटरवर आले आहे. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. इतक्या जवळिकीत अधूनमधून स्पर्श होणारच.

म्हणून चुंबकीय थरावर कार्बनचे कठीण कवच असते आणि त्यावर सुमारे एक नॅनोमीटर वंगण. शहागंजातला घड्याळजी सुईच्या टोकाने तेल देतो. इथे तो थेंब म्हणजे महापूर. कारखान्यात फ्लोरिनयुक्त तेल द्रावकात अगदी विरळ करतात, तबकड्या त्यात बुडवतात आणि एका ठरलेल्या संथ गतीने वर काढतात. द्रावक उडून जातो, तेल मागे राहते. भरभर काढले तर थर जाड बसतो, सावकाश काढले तर पातळ. सारी करामत त्या गतीत आणि द्रावणाच्या विरळपणात.

पुढचा भाग मला फार आवडला. उष्णता किंवा अतिनील किरण देऊन तेलाचे काही रेणू कार्बनला पक्के बांधतात, काही मुद्दाम मोकळे ठेवतात. हेड घासून कुठे जागा उघडी पडली, की मोकळे रेणू सरकत येऊन ती भरून काढतात. सगळेच बांधले तर जखम भरणार कोण? सगळेच मोकळे सोडले तर गरगरण्याच्या जोराने कडेकडे पळतील. थर जाड झाला तरी पंचाईत. पूर्वी संगणक बंद केला की हेड तबकडीवरच टेकत असे आणि ओल्या काचा चिकटाव्यात तसे कधीकधी चिकटून बसे. हल्ली ते बाजूच्या छोट्या उतारावर जाऊन थांबते.

बंद पडलेली डिस्क घरी उघडून पाहण्याची हौस मात्र करू नका. धुळीचा साधा कण या थराच्या हजारो पट मोठा असतो. तो हेडखाली सापडला, की तेल, कवच आणि त्याखालचा आवाज, सगळे एकदमच खरवडून निघते.