खडकांची कुळकथा – लेखांक ५ : नरनाळ्याचा पाषाण, अकोटची काळी

लाव्हा थिजून काळा पाषाण कसा होतो, ते मागच्या आठवड्यात पाहिलं. त्या पाषाणाचं पुढे काय होतं, हे पाहायला अकोटाइतकी सोयीची जागा नाही. गावातून उत्तरेला निघालं की पोपटखेडच्या पुढे सातपुडा सुरू होतो आणि शहानूरहून चढण लागते ती ९०० मीटरांहून उंच नरनाळा किल्ल्यापर्यंत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी उसळलेल्या लाव्ह्याचे हे एकावर एक थर.

रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी जरा थांबा. आतला दगड काळाकुळकुळीत, घणालाही सहजी दाद न देणारा. त्याच्याभोवती मात्र कांद्यासारखे तपकिरी पापुद्रे सुटलेले असतात. बोटानं दाबले तर भुगा होतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी भेगांत शिरतं, दगडातल्या लोहाला गंज चढतो, फेल्डस्पार हे खनिज कुजून चिकणमाती होते. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी मार बसतो, म्हणून चौकोनी ठोकळाही गोल होत जातो. पापुद्र्यांचा मुरूम, मुरमाची माती. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावरात पडणाऱ्या भेगा त्यामुळेच. कपाशीचं श्रेय आपण काळीला देतो. त्यातलं थोडं या कुजणाऱ्या डोंगराचंही आहे.

डोंगराच्या पायथ्याशी गाविलगडचा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली आणि त्या खळग्यात पूर्णा व तिच्या उपनद्यांनी शेकडो मीटर गाळ भरला. जड गोटे आणि वाळू पायथ्याशीच राहिली, बारीक गाळ पुढे गेला. पायथ्याच्या विहिरींना गोडं पाणी लागतं ते त्या गोट्यांमुळे. दक्षिणेकडच्या बारीक गाळातून पाण्याचा निचरा होत नाही, क्षार आत अडकून पडतात. तोच आपला खारपाणपट्टा. शेतकऱ्याचा जीव तिथे मेटाकुटीला येतो, हे भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात सहसा नसतं.

गाळ दबत गेला, कणांमध्ये चुना किंवा सिलिका बसली, की त्याचा पुन्हा खडक होतो. नांगराच्या फाळाला लागणारे चुनखडीचे पांढरट खडे ही त्याचीच सुरुवात. पाण्यात विरघळलेला चुना मातीच्या कणांना धरून बसतो, तेव्हा ते तयार होतात.

असा पूर्ण घडलेला गाळाचा खडक नरनाळ्यावरच पाहता येतो, पण डोंगरात नव्हे. १५व्या शतकाच्या अखेरीस उभारलेला महाकाली दरवाजा फिकट वालुकाश्माचा आहे. त्यावरची कमळं आणि अक्षरं हात लावून पाहा. दाणेदार, खरखरीत पोत लागतो. ती कोणे काळची वाळूच. भोवतीचा सगळा डोंगर लाव्ह्याचा, आणि दरवाजा वाळूचा!

वऱ्हाडात वालुकाश्म काळ्या पाषाणाच्या थराखाली दडलेला आहे. मोर्शी तालुक्यात, मध्य प्रदेशच्या सीमेवर सालबर्डीला मात्र त्या थराखालचे जुने खडक उघडे पडले आहेत. पुढच्या आठवड्यात तिकडेच जाऊ.