एकच उरलेले झुडूप

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहराच्या टेकड्यांवर ‘फ्रान्सिस्कन मॅन्झानिटा’ नावाचे जमिनीलगत पसरणारे झुडूप होते. स्पॅनिश भाषेत मॅन्झानिटा म्हणजे लहानसे सफरचंद; याची फळे तशीच दिसतात. फुले पांढरी-गुलाबी, उलट्या टांगलेल्या घागरीसारखी. सर्पेंटाइन खडकाच्या ज्या निकस मातीत पुष्कळ झाडे तग धरत नाहीत, तिथे हे वाढते.

शहर वाढले, टेकड्यांवर घरे झाली. १९४७ च्या सुमारास लॉरेल हिल येथील जुन्या दफनभूमीची जागा सपाट झाली आणि रानातून हे झुडूप नाहीसे झाले असे सर्वांनी मानले. काही वनस्पतिप्रेमींनी थोडी रोपे वाचवून उद्यानांत लावली होती, तेवढीच उरली.

पुढे २००९ मध्ये एका रस्त्याच्या कामासाठी झाडी तोडली गेली. तिथून मोटारीने जाताना डॅनियल ग्लुसेनकॅम्प या वनस्पतितज्ज्ञाला हेच झुडूप दिसले! जानेवारी २०१० मध्ये मुळांच्या मातीसकट उचलून ते सुरक्षित जागी हलवले गेले. २०१२ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले.

पण एकाच झाडाची कितीही कलमे केली तरी वंश एकच राहतो. म्हणूनच उद्यानांत जपलेली जुनी रोपे आज मोलाची ठरतात.

त्या रस्त्याने असंख्य गाड्या जात. झुडूप ओळखले एकाने, कारण त्याला ते ठाऊक होते. म्हणून आमची विनंती: पालकांनी मुलांना परिसरातील झाडांची नावे शिकवावीत आणि विश्वस्त मंडळींनी आवारात काम काढण्यापूर्वी तिथे काय उगवले आहे ते पाहून घ्यावे.